खतावरचा नांगर

आजोबांच्या ट्रंकेत, लग्नपत्रिका आणि जमिनीच्या उताऱ्यांच्या तळाशी, मांजरपाटात बांधलेलं एक पुडकं होतं. आत नऊ कागद निघाले. सगळे मोडीत, बहुतेकांचा वरचा कोपरा मुद्दाम फाडलेला. बहुतेकांच्या शेवटी आमच्या कुठल्या तरी पूर्वजाचं नाव, आणि नावाशेजारी तीन फराट्यांत काढलेला नांगर. खाली लिहिलेलं, ‘निशाणी नांगर’. ज्याला अक्षर येत नाही त्या कुणब्याची ही सही. पण नांगर त्याने स्वतः काढलेला नसे. कागद लिहिणारा ‘लेखणीला हात लाव’ म्हणायचा, याने बोट लावायचं, आणि नांगर लिहिणाराच ओढायचा. कर्ज कुणब्याचं, निशाणी कुणब्याची. लेखणी, शाई, कागद आणि मजकूर मात्र समोरच्याचा.

पुणे सार्वजनिक सभेचा इतिहास सांगताना पर्वती देवस्थानापासून सुरुवात होते, खादी नेसून दिल्ली दरबाराला गेलेले सार्वजनिक काका येतात, आणि शेवटी रानडे-टिळकांच्या वादाशी गाडी थांबते. ते सगळं या स्मरणिकेत इतरांनी लिहिलं आहेच. मी संपादकांकडे मागून घेतलं ते प्रकरण कर्जाचं. माझ्या मते सभेने जी सर्वांत मोलाची गोष्ट केली ती भाषणांत सापडत नाही. रयतेचं कर्ज हा दैवाचा किंवा स्वभावाचा विषय नसून चौकशीचा, आकड्यांचा आणि कागदाचा विषय आहे, हे तिने आपल्याकडे रुजवलं.

सभा स्थापन झाली २ एप्रिल १८७० रोजी. पर्वती संस्थानाच्या कारभाराबद्दल तक्रारी होत्या, त्या सरकारपुढे कोणत्या अधिकाराने मांडायच्या असा प्रश्न निघाला, आणि वकील गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांनी त्यावर वकिली तोड काढली. सभासद व्हायचं तर किमान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणा. अशी सहा हजारांवर माणसांची मुखत्यारी घेऊन ९५ सभासद पहिल्यांदा एकत्र आले. औंधचे पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले. ‘तुम्ही कोण?’ या सरकारी प्रश्नाला कागदावरचं उत्तर तयार ठेवूनच ही संस्था जन्मली.

पुढच्याच वर्षी महादेव गोविंद रानडे न्यायखात्यात नेमणूक होऊन पुण्यात आले. सरकारी नोकर असल्यामुळे पदाधिकारी होता येत नव्हतं, पण सभेच्या कामाला वळण लागलं ते त्यांच्यामुळे. हिंदुस्थानच्या आर्थिक कारभाराची चौकशी करणारी समिती विलायतेत पार्लमेंटने नेमली होती. तिच्यापुढे ठेवण्यासाठी माहिती गोळा करायला सभेने उपसमिती नेमली आणि तिचा अहवाल १८७३ मध्ये छापला. जमिनीचा सारा किती, तो कसा वाढला, कुणब्याच्या हातात काय उरतं, अशा प्रश्नांची उत्तरं एका खाजगी संस्थेने गोळा करणं ही तेव्हा नवलाची बाब होती. अर्ज करणाऱ्या संस्था पुष्कळ होत्या. अर्जाला हिशेब जोडणारी विरळा.

तेव्हा दख्खनमध्ये काय चाललं होतं ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरला तिकडचा कापूस मिळेना, आणि १८६० नंतरची चार-पाच वर्षं आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडला. १८६५ मध्ये यादवी संपली, भाव कोसळले. आणि नेमकी त्याच सुमारास तीस वर्षांची जमीन-आकारणी संपून फेरआकारणी सुरू झाली. इंदापूर तालुक्यात १८६७ पासून सारा निम्म्याहून अधिक वाढला. रोकड मिळणं बंद, रोख सारा दीडपट. सभेने या वाढीविरुद्ध आवाज उठवला. १८७४ मध्ये सरकारने वाढीवर मर्यादा घातल्या: तालुक्यामागे शेकडा ३३, गावामागे ६६, एका खात्यामागे १००. ‘एका खात्याचा सारा दुपटीपेक्षा जास्त वाढवणार नाही’ हीसुद्धा सवलत म्हणून जाहीर करावी लागते, यावरून आधी काय होत असेल ते समजावं.

आता खताकडे, म्हणजे कर्जरोख्याकडे येऊ, कारण सगळी मेख तिथे आहे.

आपल्याकडे दामदुप्पट नावाची जुनी मर्यादा होती. व्याज मुदलाइतकं झालं की थांबायचं, शंभराचे जास्तीत जास्त दोनशे. मग शंभराचे हजार कसे होत? दामदुप्पट मोडून नव्हे, तिला वळसा घालून. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर दावा लावायला तीन वर्षांची मुदत ठरवली. हेतू चांगला होता, जुनेपुराणे दावे उकरून कुणाला छळू नये. झालं उलटंच. तिसरं वर्ष संपत आलं की सावकार नवं खत करून घेई आणि जुनं व्याज नव्या खतात मुद्दल होऊन बसे.

कागद-पेन्सिल घेऊन बसा. शंभर रुपये, दरमहा शेकडा दोन, म्हणजे त्या काळी काही फार अघोरी दर नव्हे. तीन वर्षांचं व्याज ७२. नवं खत १७२ चं. सहा वर्षांनी २९६. नऊ वर्षांनी ५०९. बाराव्या वर्षी ८७५ रुपये, आणि या बारा वर्षांत दामदुप्पटीचा भंग एकदाही नाही, कारण प्रत्येक खत आपापल्या मुदलापुरतं सोवळं. हेच बारा वर्षांचं व्याज एकाच मुदलावर सरळ धरलं असतं, तर दामदुप्पटीने रक्कम दोनशेवर अडली असती. उरलेले ६७५ रुपये केवळ खत बदलण्यातून आले. शिवाय खतात शंभर लिहिलेले असले तरी हातात शंभर पडत नसत. मनोती म्हणून काही आधीच कापलेलं असे. धान्याचं कर्ज असेल तर हंगामाला सवाई किंवा दिढी, म्हणजे मणाचा सव्वा मण नाही तर दीड मण.

आमच्या पुडक्यातल्या नऊ कागदांपैकी चार अशी एकातून एक निघालेली खतं आहेत. रकमा चढत गेलेल्या, नांगर तोच. एका खतावर नांगराचा फाळ उलट्या बाजूला आहे. लिहिणारा बदलला असावा.

कोर्टात काय होई? तालुक्याच्या गावाहून समन्स निघे. ते घ्यायचं का, घेतलं तर कुठे जायचं, हे कुणब्याला ठाऊक नसे. ठाऊक असलं तरी पेरणी टाकून वीस कोस चालत जाऊन सांगायचं काय? खतावर त्याचीच निशाणी. पैसे मिळाले नाहीत, किंवा मिळाले तेवढे फेडले, हे सिद्ध करणारं काहीही त्याच्याजवळ नाही. वही सावकाराची आणि पावतीची रीतच नाही. हुकूमनामे एकतर्फी होत, बेलीफ येई, आणि पैशाच्या हुकूमनाम्यावर माणसाला दिवाणी तुरुंगात टाकायची सोय कायद्यातच होती. ती प्रत्यक्ष वापरावी लागत नसे. वॉरंट दाखवलं की नवं खत होत असे.

१२ मे १८७५ ला सुपे गावच्या बाजारादिवशी (तेव्हाचा भीमथडी तालुका, आता बारामती) जमाव सावकारांच्या घरांवर गेला. मागणी एकच होती: खतं आणि वह्या बाहेर काढा. कागदांची होळी झाली. बहुतेक ठिकाणी ज्याने कागद दिले त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही. दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले, घोडेस्वार आणावे लागले, ९५१ लोकांना पकडलं आणि ५०१ जणांना शिक्षा झाल्या. आपण शाळेत याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणून दोन मार्कांपुरतं शिकलो. लोकांना काय जाळायचं हे किती नेमकं कळलं होतं, ते त्या दोन मार्कांत मावत नाही.

सरकारने आयोग नेमला. अहवाल जाडजूड झाला आणि १८७८ मध्ये पार्लमेंटपुढे गेला. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कुणबी लग्नात पैसा उधळतो म्हणून बुडतो, असं जे साहेबांपासून भटजींपर्यंत सगळे म्हणत, ते आयोगाने तपासून बाजूला ठेवलं. लग्नाचा खर्च कर्जात भर घालतो, पण कर्जाचं मूळ क्वचितच तिथे असतं, असा त्याचा निष्कर्ष होता. आयोगातल्या ऑकलंड कॉल्व्हिन यांनी फेरआकारणीवर टीका करणारं स्वतंत्र टिपणही लिहिलं. सभा तीन वर्षांपासून जे म्हणत होती, तेच आता सरकारच्याच माणसाने सरकारी कागदावर लिहिलं होतं.

सभेची अडचण वेगळी होती, आणि स्मरणिकेत ती लपवणं बरं नाही. सभेच्या यादीत सरदार होते, इनामदार होते, आणि सावकारही होते. दंगलीचा रोख मुख्यतः मारवाडी-गुजर सावकारांवर होता, ब्राह्मण सावकार पुष्कळ ठिकाणी वाचले. सभेचं ‘सार्वजनिक’पण नेमकं किती सार्वजनिक, असा जोतीराव फुल्यांचा आक्षेप होता. तो चुकीचा होता असं मला म्हणवत नाही. सुप्याच्या बाजारातल्या कुणब्याने कुणाला मुखत्यारपत्र दिलं होतं? सभेने सावकारापेक्षा सरकारी साऱ्यावर आणि कोर्टावर जास्त बोट ठेवलं, त्यात अभ्यास होता तशी सोयही होती. दोन्ही खरं असू शकतं.

काकांनी स्वतः दुसरी वाट धरून पाहिली. कोर्टात जाऊच नये, आपसात मिटवावं, म्हणून पुण्यात लवाद कोर्ट उभं केलं. मग दुष्काळ आला, १८७६ चा. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून खबरी मागवून दुष्काळाचे वृत्तांत सरकारकडे पाठवायचा सपाटा लावला. दुष्काळी कामावरच्या मजुरांची शिधामजुरी सरकारने कमी केली तेव्हा त्यांच्या बाजूने उभी राहिली. या धामधुमीत एक शिस्त अंगी बाणली: तालुक्यात आपला माणूस असायला हवा, आणि त्याने लिहून कळवायला हवं.

त्या शिस्तीचं फळ म्हणजे जुलै १८७८ पासून निघालेलं सभेचं इंग्रजी त्रैमासिक. चिटणीस सीताराम हरी चिपळूणकर संपादक होते. लेखांवर नावं नसत, पण पुण्यात सगळ्यांना माहीत होतं की बरेचसे लेख माधवरावांचे, म्हणजे रानड्यांचे. गंमत अशी की माधवराव तेव्हा पुण्यात नव्हतेच. १८७८ मध्ये त्यांची बदली नाशिकला झाली. पुढच्या वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड, मे महिन्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा पेटले, आणि सरकारने माधवरावांना तातडीने धुळ्याला हलवलं. त्यांची पत्रं फोडून वाचली जात. कृषिकर्जाच्या प्रश्नावरचे लेख याच सुमारास निघाले: शेतीचा प्रश्न आणि त्यावरचा उपाय, जमीनविक्रीचा कायदा, भूमिकायद्याची सुधारणा आणि शेतकी पेढ्या. प्रशियाने काय केलं, रशियाने भूदासांना मोकळं कसं केलं, हे त्रैमासिकातून पुणेरी वाचकांना समजावून सांगितलं जात होतं.

या लेखांचा सूर आजही वाचताना चकित करतो. त्यात सावकाराला शिव्या नाहीत. सावकार व्याज चढं घेतो कारण त्याची जोखीम मोठी आहे. जोखीम मोठी आहे कारण कुळाच्या हातात काही उरत नाही. उरत नाही कारण पीक बुडालं तरी सारा रोखीने आणि वेळेवरच भरावा लागतो. म्हणून नुसतं सावकाराचे हात बांधून भागणार नाही, सारा स्थिर करा आणि स्वस्त पैशाची दुसरी वाट उघडा. दयेपेक्षा गणितावर विश्वास ठेवणारं हे लिखाण आहे.

सरकारने आधी हात बांधले. सिमल्याला होप साहेबांनी विधेयक मांडलं आणि १८७९ चा सतरावा कायदा, दख्खन शेतकरी साहाय्य कायदा, १ नोव्हेंबर १८७९ पासून पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत लागू झाला. त्या काळच्या मानाने तो विलक्षण होता. न्यायाधीशाने खतावर न थांबता खताच्या मागे जायचं, पहिल्या देवघेवीपासून हिशेब उकलायचा, मुद्दल आणि व्याज वेगळं मांडायचं, व्याजाचं मुद्दल होऊ द्यायचं नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक नाही. खास गहाण टाकलेली नसेल तर जमिनीची जप्ती नाही. दाव्याआधी समेट करणाऱ्या पंचाकडे जायचं. खत गावच्या निबंधकासमोरच व्हायचं. आणि दाव्याची मुदत तीन वर्षांवरून वाढवून साध्या खताला सहा आणि नोंदलेल्याला बारा वर्षं. खत बदलण्याची घाईच संपवून टाकली.

सार्वजनिक काका हा कायदा चालताना फारसा पाहू शकले नाहीत. फडक्यांचं वकीलपत्र घेणारा हा माणूस जुलै १८८० मध्ये गेला.

माधवरावांच्या वाट्याला मात्र एक विलक्षण योग आला. १८८१ मध्ये त्यांना या कायद्याखालच्या कोर्टांची तपासणी करायला नेमलं गेलं, विशेष न्यायाधीश डॉ. पोलन यांचे साहाय्यक म्हणून. १८८७ मध्ये ते स्वतः विशेष न्यायाधीश झाले, ते १८९३ मध्ये हायकोर्टावर जाईपर्यंत. नाव न घालता ज्या प्रश्नावर लिहिलं, त्याच प्रश्नाच्या मिसली आता सहीनिशी तपासायच्या! गावोगाव मुक्काम, सकाळी दफ्तर तपासणी, बरोबर पत्नी रमाबाई. रमाबाईंच्या आठवणींत या फिरतीचं वर्णन आहे. अभ्यासकाला आपला सिद्धांत तालुक्याच्या कोर्टात बसून तपासायला मिळणं हे भाग्य किती जणांना लाभतं?

जे दिसलं ते गुंतागुंतीचं होतं. एकतर्फी हुकूमनामे घटले, अटकेची दहशत गेली. पण गहाणखताच्या मागे कोर्ट जाऊ लागल्यावर सावकार गहाणखत घेईनासे झाले, सरळ खरेदीखत मागू लागले. तोंडी करार असा की पैसे फेडलेस की जमीन परत. कागद मात्र विक्रीचा. पुढे कायद्यात दुरुस्ती करून तो तोंडी करारही तपासायची मुभा द्यावी लागली. आमच्या पुडक्यातला आठवा कागद असाच आहे, खरेदीखत. पाठीमागे त्याच जमिनीचं परत खरेदीखत, म्हणजे नववा. आमची जमीन परत आली म्हणून तो कागद आमच्याकडे आहे. ज्यांची आली नाही त्यांच्या ट्रंकेत एकच कागद असणार.

दुसरी वाट, स्वस्त पैशाची, उघडण्याचा प्रयत्नही झाला. पुण्यात न्यायाधीश असलेले विल्यम वेडरबर्न आणि माधवराव यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी पेढी काढायची योजना आखली. जुनी कर्जं तडजोडीने मिटवायची आणि पुढे पेढीने वाजवी व्याजाने द्यायचं. पुण्याच्या सराफ-सावकारांनी भांडवलाची तयारी दाखवली, व्हाइसरॉय रिपन साहेबांच्या सरकारने पाठिंबा दिला. लंडनहून मंजुरी मिळाली नाही. सहकारी पतसंस्थांचा कायदा यायला मग १९०४ उजाडावं लागलं. मी पुरंदरचा आहे, त्यामुळे ही मधली वीस वर्षं मला जरा जास्त टोचतात.

त्रैमासिकाची धुरा पुढे गोपाळराव गोखल्यांकडे गेली. त्या वर्षांबद्दल वेगळा लेख आहेच. साताऱ्याकडचे दुसरे ग. व्यं. जोशी (इंग्रजीत काकांशी आद्याक्षरं जुळतात म्हणून संशोधकही फसतात), पेशाने शाळामास्तर, यांनी सारा आणि शेतीवर लिहिलेले आकडेबंद लेखही या काळातले. १८९५ मध्ये सभेवर टिळकपक्षाचा ताबा आला, १८९६ मध्ये रानडे-गोखल्यांनी डेक्कन सभा काढली. त्याच वर्षीच्या दुष्काळात सभेची माणसं गावोगाव जाऊन सांगू लागली की पीक बुडालं असेल तर सारातहकुबी मागा, तो तुमचा कायदेशीर हक्क आहे, त्यासाठी कर्ज काढू नका. मार्च १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. सत्तावीस वर्षांपूर्वी ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नासाठी जमवलेल्या मुखत्यारपत्रांचा त्या दिवसापासून सरकारदरबारी उपयोग उरला नाही. त्रैमासिकही फार काळ टिकलं नाही.

कायदा टिकला. १९०५ मध्ये तो मुंबई इलाख्यातल्या सगळ्या जिल्ह्यांना लागू झाला आणि पुढे कर्जनिवारणाचे नवे कायदे येईपर्यंत चालला. त्यातली तीन-चार कलमं मी मुद्दाम शेवटाला ठेवली आहेत. शेतकऱ्याने पैसे भरले की सावकाराने पावती द्यायची. वर्षाला हिशेबाचा उतारा द्यायचा. आणि मागितल्यास पासबुक द्यायचं, त्यात खातं वेळोवेळी उतरवून खाली सही करायची. सावकाराच्या वहीत आपल्या नावावर काय लिहिलं आहे ते बघायचा हक्क ऋणकोला आहे, हे १८७९ मध्ये कायद्याने मान्य केलं होतं. आज आपल्या नावाचा तो ‘सिबिल’ रिपोर्ट, ३०० ते ९०० मधला तो आकडा, ती थकीत दिवसांची चौकट, वर्षातून एकदा फुकट बघायचा हक्क रिझर्व्ह बँकेने दिला तो २०१७ पासून. मध्ये एकशे अडतीस वर्षं गेली. शर्त दोन्हीकडे तीच: मागेल त्याला.

पुडकं पुन्हा बांधण्याआधी मी ते सगळं एकदा उलटून पाहिलं. चार चढती खतं, सवाईच्या धान्याचा एक रोखा, कर्ज फिटल्याच्या दोन फारखती, खरेदीखत आणि परत खरेदीखत. सात कागद १८७९ नंतरचे. पासबुक एकही नाही.